पळवलेल्या रानगाढवांची छायाचित्रे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील वाचकांच्या छायाचित्र स्पर्धेत या वेळी प्रथम क्रमांक मिळालेले छायाचित्र कच्छच्या छोट्या रणातील रानगाढवांचे आहे. मावळतीच्या उन्हात उजळलेली धूळ, त्या धुळीतून एका रेषेत धावणारी सात जनावरे आणि त्यांतल्या दोघांचे तर चारही पाय जमिनीपासून सुटलेले. परीक्षकांनी ‘मुक्त निसर्गाची गती’ असा त्याचा गौरव केला आहे. छायाचित्रकाराशी माझा परिचय नाही आणि त्यांनी ते कसे टिपले याची मला माहिती नाही, त्यामुळे त्यांच्यावर कोणताही आरोप करण्याचा हेतू नाही. मात्र जवळजवळ तसेच एक छायाचित्र माझ्याही संग्रही आहे आणि ते कसे मिळाले हे मला पक्के ठाऊक आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी वन्यजीव छायाचित्रणाच्या एका सहलीत सामील झाले होते. पुणे, मुंबई आणि नाशिक येथील बारा जण, तीन उघड्या जीप आणि सोबत ‘मेंटॉर’ म्हणवणारे एक मार्गदर्शक असा आमचा गट होता. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. पण छोटे रण हे वाळूचे वाळवंट नाही, ही पुस्तकातली गोष्ट मला तिथे पाय ठेवल्यावरच खऱ्या अर्थाने कळली. पावसाळ्यात बनास आणि रूपेण या नद्यांचे पाणी आणि आखातातून आत शिरणारे खारे पाणी या सपाटीवर पसरते आणि पाऊस सरल्यावर ते आटून भेगाळलेल्या चिखलाची, क्षितिजापर्यंत एकसारखी दिसणारी जमीन उरते. वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक असतो, पण त्याच्या खाली कित्येक ठिकाणी ओल टिकून असते. गवत उगवते ते काठावर आणि ‘बेट’ म्हणतात त्या उंचवट्यांवर. या उजाड सपाटीवर रानगाढवे दिवसभर उभी असतात, ती तिथे खायला काही मिळते म्हणून नव्हे, तर दूरवरचे दिसते आणि कुणी फारसे येत नाही म्हणून.

ताडोबात वाहनाने रस्ता सोडला तर तो गुन्हा आहे हे प्रत्येक पर्यटकाला माहीत असते, आणि माहीत नसले तरी दुतर्फा असलेले बांबूचे रान वाहनाला फारसे आत जाऊ देत नाही. रणात मात्र झाड नाही, बांध नाही, वळण नाही. जीप कोणत्याही दिशेला, कोणत्याही वेगाने जाऊ शकते. पहिल्याच सायंकाळी आमच्या मार्गदर्शकांनी चालकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, “भैया, जरा भगाओ, धूल चाहिए.” चालकाने गाडी कळपाच्या बाजूने घातली. रानगाढव ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने पळू शकते, आणि जीपलाही या सपाटीवर तेवढा वेग घेणे अवघड नाही. दुसरी जीप पलीकडच्या अंगाने आली, जेणेकरून कळप सूर्याच्या आणि आमच्या मधोमध राहावा. हा प्रकार किती वेळ चालला ते त्या वेळी समजले नाही. नंतर छायाचित्रांवरील वेळेच्या नोंदी पाहिल्या तेव्हा अकरा मिनिटे भरली.

घरी येऊन ती छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली आणि जे व्ह्यूफाइंडरमधून दिसले नव्हते ते दिसले. कान मागे चिकटलेले, नाकपुड्या ताणलेल्या, डोळ्यांतला पांढरा भाग बाहेर आलेला. रानगाढवांची शिंगरे पावसाळ्याच्या सुमारास जन्मतात, म्हणजे जानेवारीत ती चार-सहा महिन्यांची असतात. आमच्या कळपात असे एक शिंगरू होते. सुरुवातीच्या छायाचित्रांत ते आईच्या पोटाला लागून पळते आहे, नंतर दोन हात मागे पडते, मग चौकटीतून नाहीसे होते. शेवटच्या काही छायाचित्रांत मादी एकटीच मान वळवून मागे पाहते आहे आणि तिच्या मागच्या मोकळ्या जागेत आमच्याच दुसऱ्या जीपचे चाक आले आहे. गटातील सर्वांनी वाखाणलेले माझे ‘उत्कृष्ट’ छायाचित्र याच मालिकेतील आहे. चाक मी कापून टाकले होते.

यात बेकायदा काय, असे कुणी विचारील. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मधील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करणे आणि त्याला हाकणे यांचाही तीत समावेश आहे, आणि अभयारण्यात प्राण्यांना छेडण्यास कलम २७ नुसार वेगळी मनाई आहे. रानगाढव त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला आहे. आम्ही बंदुकी नेल्या नव्हत्या म्हणून स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत होतो, इतकेच.

दुसरा युक्तिवाद आमच्या गटातच ऐकला: संख्या वाढते आहे, मग काय बिघडले? संख्या वाढली आहे हे खरेच आहे. साथीच्या रोगांनंतर १९६९ मध्ये ३६२ इतकी कमी उरलेली रानगाढवे २०२४ च्या गणनेत ७,६७२ भरली, आणि त्याचे श्रेय छोट्या रणातील सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरच्या रानगाढव अभयारण्याला, तेथील वनकर्मचाऱ्यांना आणि पिकांचे नुकसान सोसूनही या जनावरांना सहन करणाऱ्या गावकऱ्यांना आहे. पण त्याच सपाटीवर हिवाळ्यात हौबारा हा माळढोकाच्या कुळातील बुजरा पक्षीही येतो. जीप त्याच्याभोवती फेरे घालत जवळ येऊ लागली की तो उडण्याऐवजी जमिनीला चिकटून, मान लांब करून निपचित पडतो. आमच्या तीन जीप फोनवरून एकमेकींना सांगत वर्तुळ आवळत होत्या आणि तो भीतीने गोठलेला असताना मागच्या बाकावरून आवाज आला, “वा, किती छान बसलाय!”

चालकांना मी फारसा दोष देऊ शकत नाही. आमचे चालक जवळच्या गावचे होते. कोणता उंचवटा कुठे आहे, कुठे चिखल अजून ओला आहे, हे त्यांना आकाशाकडे पाहून सांगता येत असे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच एकदा दूर थांबून “इथून घ्या, येतील” असे सुचवले, तेव्हा आमच्यापैकी एकांनी, आदल्या दिवशीच्या चालकाला किती बक्षिसी मिळाली होती याची त्यांना सर्वांदेखत आठवण करून दिली. त्यानंतर त्यांनी पुन्हा काही सुचवले नाही. सहलीचे पैसे देणारा गिऱ्हाईक मराठी होता, हे येथे मुद्दाम नोंदवते.

चालकांचे म्हणणे खरे होते, हेही तिसऱ्या दिवशी दिसले, आणि तेही आमच्या शहाणपणामुळे नाही. जीप पंक्चर झाली, जॅक ओल्या जमिनीत रुतत गेला, आणि चाक बदलायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात दूर उभा असलेला कळप हळूहळू आमच्या बाजूला सरकला. दोन नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांच्या मानेला चावू लागले आणि बाकीची जनावरे त्यांच्याकडे दुर्लक्ष करून उभी राहिली. आमच्यापैकी निम्मे जण तेव्हा जीपच्या आडोशाला थर्मासमधला चहा पीत होते आणि कॅमेरे पिशव्यांत होते.

हा प्रश्न गुजरातचा म्हणून सोडून देता येणार नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ माळांची सफारी सुरू केली आहे. लांडगा, चिंकारा यांचा तोही मोकळा, सपाट प्रदेश आहे आणि रणात जाणारे आमच्यासारखे गट तिथेही जातात. गुजरातच्या वनविभागाने रणातील वाहनांना ठरावीक चाकोरी आखून द्यावी आणि ती सोडणाऱ्यांचे परवाने रोखावेत, ही मागणी मी त्यांच्याकडे स्वतंत्रपणे केली आहे.

आपल्याकडे माझी विनंती लहान आहे. धुळीतून उधळणाऱ्या कळपाचे छायाचित्र बक्षीस मिळवते, म्हणून पुढचा गट तेच मागतो आणि मार्गदर्शक तेच पुरवतात. तेव्हा पुढील स्पर्धेच्या प्रवेशिकेत कॅमेरा आणि लेन्स यांच्या रकान्यांखाली आणखी एक रकाना घालावा: ‘छायाचित्र टिपताना वाहन थांबलेले होते का?’ खोटी उत्तरे येतील हे मला कळते, तरीही परीक्षकांना मूळ मालिका मागवता येईल आणि आजूबाजूची चार छायाचित्रे पाहिली की जनावर कशापासून पळते आहे ते बहुतेक वेळा लपत नाही. माझे ते छायाचित्र मीही आपल्याच स्पर्धेसाठी काढून ठेवले होते. आता पाठवले, तर त्या रकान्यात मला ‘नाही’ असे लिहावे लागेल.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका, पुणे