मागच्या दाराचं कुलूप

शुभे,

तब्येत ठीक, आईचा गुडघा आहे तसाच, बाकी सगळे मजेत. फोन करणार होते पण फोनवर तू मधे मधे बोलतेस आणि मला हे एका दमात सांगायचंय. बाकी कोणाला सांगितलं की म्हणतात धंदा आहे, कस्टमरला हवं ते द्यावं. तू तसं म्हणणार नाहीस, होस्टेलच्या कुलूपबंद जाळीवरून मॅडमशी भांडलेली तू.

चाकणच्या बाजूला एक पॅकिंग युनिट आहे, कामाला बहुतेक बायकाच. गेटला फेस रीडर, आत कार्ड, स्टोअरला अंगठा, हजेरी थेट पगाराला जोडायची, एवढी मोठी ऑर्डर या वर्षी आलीच नव्हती. सगळं ठरलं आणि मग शेठ म्हणाले, मागच्या जिन्याच्या दाराला पण टाका, लाइट गेली तरी उघडता कामा नये असं. का तर माल तिकडून बाहेर जातो म्हणे.

आमच्याकडे कुलपं दोन जातीची. ईएम लॉक म्हणजे चुंबक, करंट आहे तोवर दार धरून ठेवतं, नेहमीचं सहाशे पौंडाचं म्हणजे साधारण 270 किलोची ओढ सोसतं, आणि करंट गेला की सुटतं. दुसरं बरोबर उलटं, करंट गेला तरी बंदच. शेठना हे दुसरं हवंय, तेही आगीत जिथून पळायचं त्याच दाराला, आणि आतून उघडायला काही नको!

मी म्हटलं चुंबक लावते, त्याची सप्लाय फायर पॅनलच्या, म्हणजे आगीच्या अलार्मच्या पेटीच्या, रिलेतून (स्विचमधून) नेते, अलार्म झाला की आपोआप सुटेल. शेजारी हिरवी ब्रेक ग्लासची डबी, दाबली की दार सुटतं, तीही थेट सप्लाय तोडणारी, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नाही. चोरीचंच म्हणाल तर दार उघडलं की भोंगा वाजेल, कॅमेऱ्यात तोंड येईल. तर म्हणे डबी चोरच दाबेल. अगं दाबू दे ना, भोंगा त्याच्यासाठीच आहे!

मग मी त्यांना न्यूयॉर्कचं सांगितलं, 1911 ची ट्रायँगल शर्ट फॅक्टरी. नवव्या मजल्यावरचं एक दार बंद ठेवलेलं, का तर सुटताना सगळ्यांच्या पिशव्या दुसऱ्या दारावर तपासता याव्यात. 146 माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. 2012 ला ढाक्याजवळच्या ताझरीनमधे पुन्हा तेच, गेटं बंद आणि शंभराच्या वर मेले. शेठ म्हणाले, मॅडम तुम्ही फार वाचता.

आणि आपल्याकडे नियम नाही असंही नाही ना, एनबीसी 2016 मधे, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडमधे, स्पष्ट आहे, बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. अमेरिकेत काही ठिकाणी 15 सेकंदांनी उघडणारं कुलूप चालतं, पण तिथेही अलार्म झाला की लगेच सुटावं लागतं.

मी नाही म्हणून मोकळी होईन गं, हप्ते आहेत, पोरांचे पगार आहेत, ते बघता येईल. पण दुसरा एकजण तेच कुलूप माझ्यापेक्षा कमी भावात लावायला तयार बसलाय. मी बाजूला झाले म्हणून त्या बायका सुटणार नाहीत, आणि रात्री झोपताना हेच डोक्यात येतं. तू म्हणशील तेव्हा होस्टेलच्या जाळीच्या अर्जावर सही केली नाहीस आणि आता बोलतेस. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही, बाबांना पत्र गेलं असतं तर माझं कॉलेज बंद झालं असतं आणि तुला ते माहिती होतं, तरी महिनाभर बोलली नाहीस. माझ्या वाटचा चिवडा मात्र खात होतीस.

तर काम असं. तू इन्शुरन्समधे आहेस, आग लागली आणि बाहेर पडायचं दार कुलूपबंद सापडलं तर क्लेमच्या वेळी काय काय विचारतात ते मला साध्या मराठीत लिहून पाठव. शेठना कायद्यापेक्षा तेच लवकर कळेल. सोमवारी परत जातेय, त्याआधी हवंय.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूला बारावीसाठी खूप खूप शुभेच्छा, काकूंना नमस्कार.

तुझीच,
मनू