आधी गती, मग वजन, मग तबकडी: आमच्या मिस्त्री चाचांना आभाराचं पत्र

आदरणीय चाचा,

सलाम.

जालना, परभणी, नांदेड, लातूर आणि संभाजीनगर इथले आम्ही रॉक, जॅझ आणि रेगेच्या एलपी तबकड्या जमवणारे मिळून हे पत्र लिहितो आहोत. बंद पडलेली टर्नटेबलं, म्हणजे तबकडी वाजवायची मशीनं, तुम्ही चालू करून दिलीत, त्याबद्दल आभार आहेतच. त्याहून मोठे आभार तुमच्या एका हट्टाचे. गाणं बिघडलं की आपल्याकडे तबकडीला दोष देतात. तुम्ही आधी गती मोजता, मग सुईचं वजन, म्हणजे सुई तबकडीवर किती भारानं टेकते ते, आणि तबकडी शेवटी हातात घेता. या क्रमामुळे आमच्या कितीतरी चांगल्या एलपी भंगारात जाता जाता वाचल्या. हा क्रम आणखी चार जणांच्या हाती लागावा म्हणून पत्र उघड लिहितो आहोत.

सुरुवात गतीपासून. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेलं जुनं बेल्टवालं, म्हणजे पट्ट्यानं फिरणारं मशीन इथं स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर लावलं की चालतं, पण गाणं रेंगाळतं. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, ५० हर्ट्झचे ६० करत नाही. अशा मशीनमधली सिंक्रोनस मोटर व्होल्टेज नाही, हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाची आवर्तनं मानते. त्यामुळे ३३⅓ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला २७.८ फेऱ्यांनीच फिरते. पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत तुम्ही ते एका वाक्यात समजावलंत: पांढरी चारचं गाणं पांढरी दोनमध्ये उतरतं. रॉक ऐकताना हे लगेच कानाला टोचतं. रेगेची चाल मुळात निवांत, त्यामुळे तिथं चूक खपून जाते आणि माणूस वर्षानुवर्षं चुकीच्या गतीचं रेगे ऐकत राहतो. डीसी मोटरच्या आणि क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हच्या (पट्ट्याविना थेट मोटरवर फिरणाऱ्या) मशीनला ही अडचण नाही.

उपाय म्हणजे मोठी पुली, मोटरच्या दांड्यावरची पट्टा ओढणारी चाकी. इथंच बहुतेकांचं चुकतं. ६० ला ५० नं भागलं की १.२ येतात, म्हणून १० मिमीच्या पुलीच्या जागी १२ मिमीची लावायची, असा सरळ हिशोब मांडतात. तुम्ही पट्ट्याची जाडी धरायला लावलीत. पट्टा ०.६ मिमी जाड असेल तर मोटरच्या लेखी जुनी पुली १०.६ ची असते. त्याचे १.२ पट म्हणजे १२.७२. त्यातून ०.६ वजा केले की पुली १२.१२ मिमीची निघते. हे ०.१२ सोडलं तर गती जवळपास एक टक्क्यानं कमी राहते, आणि सगळा खटाटोप करूनही गाणं थोडं पडलेलंच वाजतं. चिकलठाण्याच्या लेथवर पितळेची पुली करून घेताना तुम्ही आणखी दोन गोष्टी सांगितल्यात. पुली मधोमध किंचित फुगीर असावी, म्हणजे पट्टा वरखाली न सरकता मध्येच राहतो. आणि मधलं भोक अगदी केंद्रात पडलं पाहिजे, नाहीतर पियानोचा लांबवलेला सूर थरथरतो. पियानोचं एवढ्यासाठी सांगतो की गतीतला हेलकावा गिटारमध्ये लपतो, पियानोत लपत नाही.

पुली बसली की तुमची १८० रेघांची कागदी चकती. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे मिनिटाला ६,०००. त्याला ३३⅓ नं भागलं की १८०. गती बरोबर असेल तर फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. मागे सरकल्या तर मशीन हळू, पुढे सरकल्या तर जलद. मघाच्या बरोब्बर १२ मिमीच्या पुलीवर रेघा सेकंदाला जवळपास एक अशा मागे जातात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पट्ट्याच्या जाडीचा हिशोब पुन्हा कुणी विसरत नाही. मात्र ट्यूब जुन्या चोकची हवी. इलेक्ट्रॉनिक चोकखाली किंवा एलईडी दिव्याखाली चकती काही सांगत नाही. तशी ट्यूब घरात नसेल तर बोर्डावरचा निऑनचा बारका इंडिकेटर जवळ धरूनही काम भागतं. लाइट गेलेली असताना, इन्व्हर्टरवर मात्र ही तपासणी करू नये. तिथं ५० हर्ट्झची खात्री नसते, आणि स्वस्त इन्व्हर्टरवर सिंक्रोनस मोटर गुरगुरत तापते.

रेघा स्थिर आहेत, तरी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू पेटीशी जुळत नाही, सूर किंचित चढा येतो, अशी तक्रार असते. तिथं मशीन निर्दोष आहे. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणात मुख्य टेप यंत्र थोडं हळू चाललं होतं. ती टेप योग्य गतीनं वाजवून तबकड्या काढल्या, म्हणून त्या दिवशीच्या तिन्ही रचना, म्हणजे पूर्ण पहिली बाजू, चढी झाली. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांपासून ती सुधारली गेली. हातातली प्रत त्याआधीची असेल तर पुली तासायला जाऊ नये. दुसरी बाजू जुळते का ते आधी पाहावं.

मग वजन. एचएमव्ही फिएस्टासारख्या खोक्यातल्या प्लेअरला क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असते, आणि ती धरणारा हात, म्हणजे दांडा, तबकडीवर चांगलाच जड बसतो. जुनी भावगीतं आणि कव्वाल्या त्यावर वाजल्या, वाजतील. पण महागाची जॅझ एलपी त्यावर लावायला तुम्ही ठाम नकार देता, आणि तो योग्य आहे. झिजलेली सुई जड हातानं खाचेत फिरली की वरच्या पट्टीतले सूर खरवडले जातात, आणि ते कुठल्याही धुण्यानं परत येत नाहीत. मॅग्नेटिक कार्ट्रिजचं वजन कंपनीनं दिलेलं असतं. उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ ई ला १.८ ते २.२ ग्रॅम चालतात, शिफारस २ ग्रॅमची. सुई उडते म्हणून हातावर नाणं चिकटवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की एक रुपयाचं नाणंसुद्धा तीन ग्रॅमच्या वर भरतं.

सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा यासाठी पुरतो. आधी हात तरंगेल इतका मागचा काउंटरवेट (तोलाचं वजन) फिरवायचा, तिथं आकड्याची कडी शून्यावर आणायची, मग वजन द्यायचं आणि काट्यावर पडताळायचं. सुई टेकते ती जागा एरवी तबकडी असते त्याच उंचीवर हवी. काटा उंच राहिला तर आकडा खोटा येतो. काट्याची पाटी स्टीलची असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिच्याकडे ओढलं जातं, म्हणून वर लाकडाचा किंवा प्लास्टिकचा ठोकळा ठेवून सुई त्यावर टेकवायची. आणि घाबरून वजन फार कमीही ठेवायचं नाही. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती टवके उडवून खराब करते. सांगितलेल्या मर्यादेत थोडं जड केव्हाही बरं.

मग तबकडी. रॉक बँड लेड झेपेलिनचा १९६९ चा दुसरा अल्बम घ्या. त्याच्या सुरुवातीच्या प्रतींवर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत आर एल अशी खूण कोरलेली असते. ती खाच कापणाऱ्या बॉब (रॉबर्ट) लुडविगची. त्यानं आवाज इतका दणकट कापला होता की साध्या मशीनवर सुई उडायची. आज त्याच प्रती शोधून शोधून घेतल्या जातात. म्हणून एलपी विकत घेताना आधी ती कोरी पट्टी तिरप्या उजेडात वाचायची, मुखपृष्ठ नंतर.

रेगेच्या बाबतीत तुम्ही वेगळीच जागा दाखवलीत: मशीनखालचं टेबल. बास इतका खोल असतो की स्पीकर आणि टर्नटेबल एकाच कपाटावर असतील तर तो हादरा सुईतून परत अँपमध्ये जातो आणि घूं घूं वाढत राहते. त्यावर तुमचा इलाज फार आवडला. शहाबादी फरशीचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्यायचा, त्याच्या चार कोपऱ्यांखाली सायकलच्या ट्यूबचे घडी केलेले तुकडे ठेवायचे, लेव्हलच्या बाटलीनं समतल करायचं आणि स्पीकर वेगळ्या भिंतीकडे न्यायचे. जमैकातल्या जुन्या प्रती बऱ्याचदा खरखरत्या असतात, मधलं भोकही थोडं सरकलेलं असतं. ती खरखर मशीनची नाही, हे आता ओळखता येतं.

धुण्याबद्दलही आभार. आपल्या बोअरच्या पाण्यानं तांब्यावर पांढरा थर येतो, तोच खाचेत बसतो आणि सुईखाली चरचरतो. म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर, बिनवासाच्या भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब आणि हवं तर दीडशे मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल. बॅटरीचं आम्लाचं पाणी चुकूनही नाही. बाटलीवरचं नाव नीट वाचून घ्यावं. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं खळबळून सावलीत उभी वाळवायची. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते.

उन्हाळा आला की तुमची ताकीद आठवते. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असतात तेव्हा बंद गाडीत साठच्या पुढे जातं, आणि तिथं विनाइल मऊ पडतं. पत्र्याच्या खोलीत एलपी ठेवूच नयेत. माळवदाची खोली थंड, पण वरून माती झरते, म्हणून कपाटाला दार हवं. तबकड्या उभ्या, एकमेकींना टेकून पण न दाबता. आडव्या थप्पीत खालच्यांना बाक येतो. बाहेरचं जुनं पीव्हीसीचं कव्हर चिकट झालं असेल तर काढून साधं पॉलिथिनचं घालावं. पीव्हीसीतून सुटणारं तेल तबकडीवर धुरकट डाग पाडतं, आणि तो निघत नाही.

परभणीच्या मशीनची आयडलरची, म्हणजे मोटरची गती थाळीला देणारी रबरी चकती कडक होऊन ढब ढब करते आहे. ती काढून फरशीवर फिरवून पाहिली, एका जागी चपटी झाली आहे. तुम्ही म्हणाला होतात तसं मोजमाप घेतलं: बाहेरचा व्यास, जाडी आणि मधल्या भोकाचा आकार, तिन्ही कागदावर लिहून चकतीसोबत बांधलं आहे. मशीन मात्र पाठवत नाही. हात मोकळा राहिला तर प्रवासात बेअरिंग जातं, हे तुमच्याकडूनच शिकलो. रविवारी एक जण येईल, दुकान दहाला उघडतं तेव्हा.

आपले,
पाचही गावांचे रेकॉर्डवाले