कोणता विषय घेऊ, असं तू विचारलंस

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, एम.एस्सी.ला कीटकशास्त्र घेऊ का कृषी अर्थशास्त्र?" आणि वर म्हणालीस, होस्टेलातल्या पोरींच्या मते प्रयोगशाळेत होतं तेच खरं संशोधन, बाकी सगळं नुसतं फॉर्म भरणं. तेवढ्यात रेंज गेली. तसंही हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फॉर्म भरायचं काम तुझ्या बापानं बरीच वर्षं केलं आहे. वावरातली कामं आटोपली की मी कोणत्या ना कोणत्या सर्वेक्षणावर जायचो. कधी तान्ह्या बाळांची वजनं घ्यायची, कधी घरखर्चाची प्रश्नावली, कधी पऱ्हाटीची हिरवी बोंडं फोडून आत अळी आहे का ते बघायचं आणि मांडून ठेवायचं. आरोग्य, अर्थशास्त्र, विज्ञान ही तिन्ही कामं जवळून पाहिल्यामुळे सांगतो, यांच्यात उच्चनीच लावू नकोस.

गुलाबी बोंडअळीचंच घे. बीटी कपाशीला, म्हणजे जिच्या झाडातच अळी मारणारं विष तयार होतं त्या कपाशीला, आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. पुढं २०१७ च्या हंगामात काय झालं ते तू पाहिलंच आहेस. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि रुईची कवडी झालेली. कीटकशास्त्रानं याचं कारण नीट सांगितलं आहे. अळी अंड्यातून निघाली की कळीत नाहीतर बोंडात शिरते, मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. कपाशी सोडून तिला दुसरं फारसं काही चालत नाही. बीटीच्या विषातून ज्या थोड्या अळ्या वाचतात, त्यांच्या पतंगांचा आपसातच संकर झाला की पुढची पिढी ते विष पचवणारी निघते. तसं होऊ नये म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे तिथं साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग या चिवट पतंगांशी जुगतील आणि चिवटपणा पसरायला वेळ लागेल.

शास्त्र बिनचूक होतं. पण ती सरकी लावली किती जणांनी? आपल्या शिवारात तरी ती पुडी गोठ्याच्या खुंटीला टांगलेली दिसायची. का लावली नाही, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. माझ्या वावरातल्या ओळी मी अळीसाठी सोडायच्या, नुकसान माझं आणि फायदा अख्ख्या शिवाराचा. त्यातून शेजारचा लावेल याची खात्री नाही. मग मी एकट्यानं काहून लावावी? हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. फरदडीचंही, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीचंही, तसंच. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटा, अळीला खायला ठेवू नका. ते कास्तकाराला कळत नाही असं थोडंच आहे! पण ओलिताची सोय असली तर नवं बियाणं न घेता आणखी थोडा कापूस हाती येतो, आणि नेमकी त्याच दिवसांत घरात पैशाची नड असते. हा हिशेब समजून न घेता "शेतकरी ऐकत नाहीत" असा निष्कर्ष लिहिणाऱ्या अहवालांचा मला राग येतो.

आणि त्याच २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. काही कीटकनाशकं अशी असतात की ती मज्जातंतूंमधल्या एका विकराचं कामच बंद पाडतात. मग लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडतो. ॲट्रोपिन वेळेत मिळालं तर माणूस वाचू शकतो. हे झालं वैद्यकाचं. पण डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत, त्या उकाड्यात मास्क आणि हातमोजे घालून दिवसभर पंप पाठीवर घेणं मजुराला जमतं का, औषध पाण्यात कालवतं कोण, दोन औषधं एकत्र करायला सांगतं कोण, हेही आरोग्याचंच संशोधन आहे. आता सांग, बोंडअळी कोणत्या विभागाची? अमेरिकेनं २०१८ साली ही अळी तिथल्या कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथं बीटी होतंच. त्याच्या जोडीला नपुंसक पतंग सोडले, नर पतंगांना चकवणारे कामगंध वापरले, हंगाम संपल्यावर शेतं साफ केली, आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन त्यासाठी पदरचे पैसेही घातले.

फॉर्म भरण्याला कमी लेखणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना गडचिरोलीची गोष्ट सांग. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. रोग जुनाच होता, कुणी विचारलं नव्हतं. हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण प्रश्नावली घेऊन घरोघर गेल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे. ओसरीवर घरधनी बसलेला असतो, तो सांगतो, "सगळे ठणठणीत आहेत." मी तसं लिहितो. मग सोबतची ताई आत चुलीपाशी जाऊन बसते, आणि ती बाहेर येते तेव्हा तोच रकाना भरलेला असतो. कंबरदुखी, अंगावरून जाणं, वर्षानुवर्षांचा ताप. उत्तर कुणाला विचारलं, कुणी विचारलं, घरात आणखी कोण होतं, यावर आकडा ठरतो. यापुढं कोणताही शोधनिबंध वाचताना हे आधी बघत जा.

त्याच दोघांनी पुढं तान्ह्या बाळांचं काम केलं. गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायची, अशी ३९ गावं. आणि तुलनेसाठी ४७ गावं, जिथं नेहमीच्या सरकारी सेवा चालू राहिल्या. १९९९ मध्ये निष्कर्ष आला की पहिल्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ पासून ही पद्धत सरकारनं देशभर आशांमार्फत नेली. तुझ्या वहिनीच्या बाळंतपणानंतर आपली आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी यायची. झोळीचा काटा लावायची, बाळाच्या छातीकडे बघत घड्याळ लावून श्वास मोजायची. त्यामागं हा अभ्यास आहे.

अशी तुलना आणखी चोख करायची रीत वैद्यकात कुठून आली माहीत आहे? वावरातून. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं कृषी संशोधन केंद्र आहे. तिथं १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ रुजू झाले. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जमीन बदलते, मग जास्त पीक खतानं आलं की जमिनीनं, हे कळायचं कसं? म्हणून कोणत्या वाफ्याला कोणतं खत, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं दैवावर सोडायचं. तुला अकोल्यात ज्या प्लॉटांचा कंटाळा येतो ना, ते याच रीतीचे. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयाच्या रोग्यांवर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याच पद्धतीनं झाली. आणि २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं, तेही गरिबीच्या प्रश्नांना ही रीत लावल्याबद्दल.

बॅनर्जी-डुफ्लो यांचा उदयपूरकडचा अभ्यास मला फार आवडतो. नेहमीच्या व्यवस्थेत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण व्हायचं. ठरल्या दिवशी गावातच नियमित शिबिर घेतलं तर १८ टक्के. शिबिरात प्रत्येक लशीला एक किलो डाळ दिली तर ३९ टक्के. काही जण म्हणतील, पोराच्या भल्यासाठी डाळ कशाला द्यावी लागते? ज्या बाईची त्या दिवसाची रोजी बुडते तिला विचारावं.

पण प्रत्येक गोष्टीचा असा प्रयोग होत नाही. कर्जबाजारी व्हायची चिठ्ठी कुणाच्या नावानं टाकणार? तिथं जुन्या नोंदी वाचाव्या लागतात, दुसऱ्यांचे आकडे पुन्हा तपासावे लागतात. बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्याकडं ना प्रयोगशाळा होती ना सर्वेक्षक. एकर किती, यावरून शेत लहान की मोठं ते ठरत नाही, त्याच्या जोडीला भांडवल आणि अवजारं किती यावर ठरतं. जमिनीवर माणसांचा भार जास्त झाला आहे, त्यांना उद्योगात काम मिळालं पाहिजे, असं त्यांनी नुसत्या तर्कानं आणि उपलब्ध आकड्यांनी मांडलं. आपल्या भावकीत वाटण्या होऊन उरलेली वावरं बघ आणि तो निबंध वाच.

मला विचारशील तर कीटकशास्त्र घे. अर्थशास्त्र कमी म्हणून नव्हे. लहानपणी काचेच्या बरणीत अळ्या ठेवून तू तासन्‌तास बघत बसायचीस, आईनं हाका मारल्या तरी उठायची नाहीस. संशोधनात दिवसच्या दिवस तेच करावं लागतं. विषयाचं नाव मोठं असून चालत नाही, त्यातलं रोजचं काम मनापासून करवलं पाहिजे. मला श्वास मोजायचा कधी कंटाळा आला नाही, घरखर्चाच्या तीस दिवसांच्या हिशेबाचा मात्र यायचा. तुझं उलट असू शकतं. म्हणून ठरवण्याआधी दोन्ही विभागांत जा आणि तिथले विद्यार्थी सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतात ते बघून ये.

आणि गाईड मॅडमना एक विचार. प्रबंध बोंडअळीवर झाला, तर त्यात फरदड घेणाऱ्या कास्तकारांच्या मुलाखतींचं एक प्रकरण बसवता येईल का? अर्थशास्त्र विभागातल्या कुणाला सहमार्गदर्शक घेता येतं का? नियमात बसत असेल तर आपल्या तालुक्यातली गावं मी दाखवतो, लोक माझ्या ओळखीचे आहेत. बायांशी बोलायला तुलाच जावं लागेल.

मॅडम काय म्हणतात ते कळव. अर्जाची शेवटची तारीख आणि फी किती तेही कळव, कापूस आता विकायचा की थांबायचं ते त्यावर ठरवतो.

तुझे बाबा