कंपनीचा स्टीरिओ शाबूत ठेवून बाहेरचा ॲम्प जोडून देणाऱ्या उस्तादांना

उस्ताद,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच "चहा घ्या आणि गाडी काढा, मागे लाइन लागलीय" म्हणता, म्हणून जाहीरपणे लिहितोय. मुलाकडून वाचून घ्या. शिवाय नाशिकमध्ये माझ्यासारखेच अडकलेले आणखी काही गाडीवाले असतील, त्यांच्याही कामाला येईल.

माझी अडचण तुम्हाला माहीत आहे. आमची गाडी डिझेलची. महामार्गावर वेग वाढला की टायरचा आणि इंजिनचा आवाज आत भरतो आणि वडिलांना भीमसेनजी ऐकायचे असतात. स्टीरिओचा आवाज वाढवावा तर ताना चिरकतात. तुमच्याकडे येण्याआधी ज्या दुकानात गेलो होतो, तिथे एकच उत्तर मिळालं: कंपनीचा स्टीरिओ काढून टाका, त्याला मागे आरसीए आउटपुट (ॲम्पला सिग्नल द्यायची जागा) नाही, ॲम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, लागणारच नाही. स्टीरिओ काढला असता तर रिव्हर्स कॅमेरा आणि स्टीअरिंगवरची बटणं यांचं काय, हे विचारल्यावर "बघू नंतर". ते नंतर कोणाच्या खिशातून निघणार होतं ते दिसतच होतं.

तुम्ही आधी स्टीरिओकडे पाहिलंही नाही. मल्टिमीटर काढलात. कागदाच्या पाठीवर हिशेब मांडलात: इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा, म्हणजे स्टीरिओच्या आतल्या चिपने कितीही जोर लावला तरी एका स्पीकरला स्वच्छ असे कागदावर २६ वॅट, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. डब्यावर काहीही छापलेलं असो. त्यापुढे आवाज वाढवला की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात आणि तेच कानाला चिरकं लागतं. स्पीकर फाटले असतील असं मी धरून चाललो होतो, तुम्ही ते विकत घ्यायला लावू शकला असतात. नाही लावलेत.

मग ती सहा व्होल्टची गोष्ट. स्टीरिओ चालू करून स्पीकरच्या दोन्ही वायरी एकेक करून बॉडीशी मोजल्यात आणि दोन्हीवर बॅटरीच्या जवळपास निम्मे व्होल्ट दिसले. "बघा, यातली मायनस कुठली?" असं विचारून तुम्ही हसलात. यातली एकही वायर अर्थिंगची नाही, दोन्ही जिवंत, आणि एखाद्याने मायनस समजून ती बॉडीला टेकवली तर स्टीरिओची चिप जाऊ शकते. त्याच व्होल्टेजचा उपयोग तुम्ही पुढे करून घेतलात. मी आणलेल्या ॲम्पला हाय लेव्हल इनपुट होतं. ते स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेतं आणि हेच व्होल्ट आले की स्वतःहून चालू होतं. म्हणून स्पीकरचा सिग्नल ॲम्पला झेपेल इतका बारीक करणारा हाय-लो कन्व्हर्टर लागला नाही, ॲम्पला चालू व्हायचा इशारा देणारी वेगळी रिमोटची वायर लागली नाही. सगळ्याच स्टीरिओत असे व्होल्ट मिळत नाहीत, तेव्हा ॲक्सेसरीच्या फ्यूजवरून रिमोट ओढावा लागतो, हेही सांगितलंत. कन्व्हर्टर तुमच्या काउंटरवर समोरच टांगलेला होता, हे मी पाहिलं होतं बरं का.

आणि वायर कापली नाहीत. मधे कपलर, म्हणजे काढता-घालता येणारा जोड, टाकलात. उद्या गाडी विकायची झाली तर कपलर काढला की सगळं जसंच्या तसं.

पॉवरच्या वायरीवर तुम्ही जितका वेळ घातलात तितका आवाजावरही नाही. दहाच्या पान्याने आधी बॅटरीची मायनस काढलीत. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर नेताना धारेवर घासू नये म्हणून भोकात रबरी ग्रोमेट. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज. मी म्हटलं, ॲम्पमध्ये फ्यूज आहेच की. "तो ॲम्पसाठी, हा वायरीसाठी. वायर मधेच कुठे बॉडीला लागली तर बॅटरी सगळा करंट तिच्यात ओतणार, तुमचा ॲम्पमधला फ्यूज तिकडे डिकीत बसून काय करणार?" हे एक वाक्य प्रत्येक ॲक्सेसरीच्या दुकानाबाहेर रंगवून लावायला हवं, असं माझं मत आहे. वायरही तुम्ही टोक घासून बघितलीत. वरून तांब्याची, आतून ॲल्युमिनियमची निघाली ती मी आणलेली, ती परत पिशवीत गेली आणि शुद्ध तांब्याची ८ गेज जाडीची लागली. अर्थिंगसाठी सीटखालच्या बोल्टजवळचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडलात. पॉवर उजव्या बाजूने, सिग्नल डाव्या बाजूने. त्यामुळेच ॲक्सिलरेटर दाबला की बरोबर चढत जाणारी ती कुंईऽऽ आमच्या गाडीत नाही. मित्राच्या गाडीत आहे, आणि तो तिला "टर्बोचा आवाज" म्हणतो.

गेनच्या बटणाची शिकवणी मात्र मी जन्मभर विसरणार नाही. ते आवाजाचं बटण नाही, स्टीरिओचा सिग्नल ॲम्पशी जुळवायचं आहे, हे तुम्ही मला मीटरवर दाखवलंत. स्पीकर सोडवले, बेस-ट्रेबल मधोमध, स्टीरिओ पाऊण आवाजावर, एक हजार हर्ट्झचा सूर, आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी १४.१ व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वर. ॲम्पचे ५० वॅट गुणिले स्पीकरचे ४ ओहम, त्याचं वर्गमूळ. तिथे थांबलात आणि पेनाने खूण केलीत. दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी जाड बेसचं, काम दिलंच नाहीत. "लहान तोंडाला मोठा घास कशाला," म्हणालात.

परवा कसारा घाट उतरताना वडिलांनी खिडक्या बंद करायला सांगितल्या आणि आवाज कमी करायला लावला. मागचा तानपुरा नीट ऐकू येतोय, आता एवढा मोठा कशाला, असं त्यांचं म्हणणं. तुमची चौकशी केलीय त्यांनी.

पुढच्या रविवारी मेहुण्याला घेऊन येतोय. त्याला डिकीत बारा इंची सबवूफर हवाय आणि बॅटरी जुनी आहे. मी समजावून थकलो, आता तुम्ही तुमचं मीटर काढा. आणि या वेळी चहाचे पैसे मी देणार.

आपला,
डिझेलवाला गिऱ्हाईक