तेरा नंबरचं पान

प्रिय शिल्पे,

परवा तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत नुसती उभी होते. तू रडत होतीस आणि मी आपली "अगं काही नाही होत, काही नाही होत" एवढंच घोकत होते, फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला हॉस्टेलपासून माहितीय. म्हणून आता चहा घेऊन लिहायला बसलेय, व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे तुकडे टाकले असते तर तू "हो गं, रात्री वाचते" म्हणून सोडून दिले असतेस.

आधी राग काढून घेते. त्या टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर डेथचं, म्हणजे मृत्यूचं, कार्ड दाखवलं, मग गप्प बसल्या, मग हळूच विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?" चाळिशी ओलांडलेल्या कुठल्या बाईच्या घरात कुणी आजारी नसतं गं? सासर-माहेर धरून चार म्हातारी माणसं असतात, एकाला शुगर, एकाचे गुडघे. तू भाबडेपणाने सांगितलंस की बाबांची अँजिओप्लास्टी झालीय, आणि लगेच अकरा हजारांचा उपाय निघाला. आमच्या जत्रेतला पोपटवाला बरा, तो निदान दहा रुपयांत सोडायचा. पैसे देऊ नकोस, आणि दिले असशील तर मला सांगूही नकोस, मला झोप लागणार नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर तू विचारतेस की मी स्वतःचा डेक, म्हणजे टॅरोच्या पत्त्यांचा संच, घेऊ का! आधी मला हसूच आलं. मग वाटलं बरोबर आहे तुझं, ज्या पानाने इतकं घाबरवलं ते एकदा हातात घेऊन बघावंच. घे तू. फक्त निवडताना माझ्यासारखी माती खाऊ नकोस.

मी पहिला मागवला तो ऑनलाइन, तीनशे एकोणपन्नास रुपयांत, फोटोत अगदी ओरिजिनल. आला तेव्हा आत पुस्तकच नाही, त्याऐवजी एक क्यूआर कोड, पानं लग्नपत्रिकेपेक्षा पातळ आणि सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे. पाठीमागची नक्षी काही पानांवर जराशी सरकलेली, म्हणजे पालथं ठेवलं तरी कुठलं पान ते आठवडाभरात मला पाठ झालं. दुसरा घेतला तो मांजरांचा, दुकानात बघून प्रेमातच पडले. राणी पण मांजर, जोगी पण मांजर, डेथ पण मांजर. दिसायला इतका गोड, पण मला काही म्हणजे काही बोध होईना, कारण सगळ्या मांजरांच्या चेहऱ्यावर एकच भाव, भूक लागल्याचा. तिसऱ्या वेळी शहाणपणा करायला गेले आणि जुना, अस्सल म्हणून फ्रान्सचा मार्सेय पद्धतीचा घेतला. त्यातली मोठी, म्हणजे हुकमाची, पानं फार देखणी आहेत, लाकडी ठशांनी छापल्यासारखी, पण बाकीच्यात राजा-राणी वगैरे सोडले तर चित्रच नाही! पाच कप म्हणजे पाच कप, सात तलवारी म्हणजे सात तलवारी, आपल्या बदाम सत्तीसारखं. बदाम सत्तीकडे बघून तू स्वतःबद्दल काय सांगशील?

तर हे तिन्ही मी केलंय, तू करू नको. तू रायडर-वेट-स्मिथ नावाचा डेक घे, किंवा त्याच चित्रांवरून काढलेला एखादा. दुकानात गेलीस तर मोठी पानं बघून भुलू नकोस, ती सगळ्याच डेकमध्ये सजवलेली असतात. सरळ "फाइव्ह ऑफ कप्स दाखवा" म्हण. त्यावर कुणीतरी काहीतरी करत असेल तर घे, नुसते पाच कप मांडलेले असतील तर परत ठेव. मला स्वतःला 2009 मध्ये शंभर वर्षांच्या निमित्ताने निघालेली त्याचीच फिक्या रंगांची स्मिथ-वेट आवृत्ती आवडते, नेहमीच्या आवृत्तीचा पिवळा जरा अंगावर येतो. आणि क्राउली या इंग्रज गूढविद्यावाल्याचा थॉथ नावाचा डेक कुणी कितीही भारी म्हणालं तरी आत्ता नको. लेडी फ्रिडा हॅरिसने 1938 ते 1943 अशी पाच वर्षं घालून तो रंगवलाय, चित्रं जबरदस्तच आहेत, पण त्यात छोट्या पानांवर एकेक शब्द छापलेला असतो आणि तलवारींच्या दहाव्या पानावर चक्क "विनाश" अशा अर्थाचा. तुझी आत्ताची अवस्था बघता राहू दे तो.

रायडर-वेट म्हणतात पण रायडर हा लंडनचा प्रकाशक आणि वेट हा ज्याने चित्रं काढून घेतली तो. काढली पामेला कोलमन स्मिथने. 1909 साल, सहा-एक महिन्यांत जवळपास 80 चित्रं, आणि तिने स्वतः पत्रात लिहिलंय की काम मोठं आणि पैसे अगदी थोडे. पुढे जगभर तेच चित्र छापलं गेलं आणि ती 1951 ला कॉर्नवॉलमध्ये कर्जात वारली. डब्यावर तिचं नाव कित्येक वर्षं नव्हतंच, पण पानाच्या कोपऱ्यात बघ, वेटोळ्यासारखी एक खूण आहे, ती तिची सही. मला ती सापडली तेव्हा कुणीतरी गर्दीत हळूच हात हलवल्यासारखं वाटलं.

आणि ही बाई नाटकातली होती, हे तुला सांगायचंच होतं. लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर तिचं काम असायचं. बऱ्याच पानांवर माणसांच्या पायामागे एक आडवी रेघ आहे, पुढे सपाट जमीन आणि मागे डोंगर-किल्ले, म्हणजे स्टेज आणि मागचा पडदा! तू लहानपणापासून देवळासमोर बसून दशावतारी बघितलेस, मागे एक रंगवलेला पडदा, पुढे बाकडं, त्यावर राजा बसला की तो दरबार आणि तोच उठून गेला की जंगल. तशीच बघ ही पानं. कोण आत्ताच आत आलंय, कोण निघालंय, कोणाची पाठ आपल्याकडे आहे. माझ्या मते अर्थ पाठ करण्यापेक्षा हे बघणं जास्त कामाचं, पुस्तक नंतर उघडायचं.

घाबरायचं काही नाही कारण मुळात हा खेळ आहे. खरंच खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत मिलान, फेरारा या भागातली श्रीमंत मंडळी खेळायची. आपल्या पत्त्यांच्या कॅटमध्ये राजा, राणी, गुलाम, तर इथे एक घोडेस्वार जास्त, म्हणून एका रंगाची 14 पानं, चार रंगांची 56, आणि वर 21 हुकमाची नि एक विदूषकाचं, मिळून 22. ज्यांना आता सगळे दबक्या आवाजात मेजर अर्काना म्हणतात ना, ती हीच 22 पानं! डेथ हे डाव मारायचं तेरा नंबरचं पान होतं. भविष्य वगैरे फ्रान्समध्ये अठराव्या शतकात जोरात सुरू झालं, 1781 मध्ये कूर द जेबेलां नावाच्या विद्वानाने छापून टाकलं की हे इजिप्तचं प्राचीन ज्ञान आहे, आणि तेव्हा इजिप्तची लिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती त्यामुळे खोटं ठरवणार कोण? लोकांना आवडलं, चालू राहिलं.

तुझ्या आजीच्या कपाटात तो गंजिफाचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, डबा होता आठवतोय? सावंतवाडीचाच, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एक राजा एक प्रधान, एकूण 120. आपण त्यांची दुकानातली बिस्किटं म्हणून वाटावाटी केली होती आणि आजीने फटके दिले होते. मत्स्य, वराह, परशुराम सगळे त्यात असूनही तुझ्या आजीला कधी असं वाटलं का की अमुक पान आलं म्हणजे घरात अमुक होणार? ती फक्त हरली की चिडायची. आणि गोल पान बरं असतं, हवं तसं फिरवा. टॅरोत पान उलटं आलं की वेगळा अर्थ लावतात, काही जण लावत नाहीत, तू पहिलं वर्षभर नकोच लावू, उलटं आलं की सरळ कर आणि बघ.

आता ते पान. तू कॉलवर अर्धा सेकंद बघितलंस, सांगाडा दिसला आणि पुढचं काही दिसलं नाही, साहजिक आहे. मी आत्ता समोर ठेवूनच लिहितेय. काळं चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, घोडा दौडत नाहीये, चालतोय, वरातीतल्यासारखा. हातात तलवार किंवा कोयता काही नाही, झेंडा आहे, काळा, त्यावर पांढरं गुलाबाचं फूल. घोड्याच्या पायाखाली एक राजा मरून पडलाय. पुढे सोनेरी झग्यातला धर्मगुरू उभा आहे, हात जोडून, बहुतेक काहीतरी तडजोड करायला आलाय. एक मुलगी गुडघ्यावर बसलीय पण तिने तोंड फिरवलंय, तिला बघवत नाही. आणि तिच्याशेजारी एक छोटं मूल, त्याच्या हातात फुलं, ते एकटंच मान वर करून सरळ त्याच्याकडे बघतंय. लांब एक नदी, तिच्यात एक गलबत, आणि दोन बुरुजांच्या मधे सूर्य. तो उगवतोय म्हणतात, मला आजही नक्की सांगता येत नाही, पण तेच दोन बुरूज पुढे मून नावाच्या पानावरही आहेत, डेक आला की शोध.

जुन्या मार्सेय डेकमध्ये बहुतेक वेळा या पानावर नावच छापत नाहीत, फक्त तेरा आकडा. जसं आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत आणि लांबडं म्हणतात, तसलंच काहीतरी असावं.

वाचणारे लोक या पानाचा अर्थ काहीतरी संपणं, बदलणं असा लावतात, प्रत्यक्ष मरण असा सहसा नाही. पण मी तुला तेवढं सांगून गोड बोलणार नाही. बाबा एकोणऐंशीचे आहेत आणि ते तुला पान निघायच्या आधीपासून माहितीय. पानाला उद्या काय होणार ते कळतं असं मला वाटत नाही, कधीच वाटलं नाही. मला इतकंच कळतं की त्या चित्रात चार माणसं आहेत आणि त्या रात्री फोनवर तू ती तोंड फिरवलेली मुलगी होतीस, आणि मी तो हात जोडलेला म्हातारा.

माझं रोजचं सांगते. सकाळी डबे झाले की एक पान काढते, मागच्या वर्षीच्या एलआयसीच्या डायरीत तीन ओळी लिहिते, झालं. परवा फोर ऑफ कप्स निघालं, झाडाखाली एक पोरगा हाताची घडी घालून बसलाय, समोर तीन कप, ढगातून एक हात चौथा कप पुढे करतोय आणि हा ढुंकून बघत नाही. आमचे चिरंजीव आणि मी उपम्याची बशी घेऊन उभी, हुबेहूब! पण आईच्या आजारपणात नाइन ऑफ स्वोर्ड्स सारखं निघायचं, अंथरुणात उठून बसलेली बाई, तोंड ओंजळीत, मागच्या काळ्या भिंतीवर नऊ तलवारी. मला ते नकोसंच झालं होतं, एकदा तर काढून वेगळं ठेवलं. तीन-चार आठवड्यांनी कधीतरी तिच्या पायावरची गोधडी दिसली मला. चौकोन चौकोन जोडलेली, एका चौकोनात गुलाब, पुढच्यात राशीचं चिन्ह, परत गुलाब. इतके दिवस मी तलवारीच मोजत होते. त्या दिवशी डायरीत फक्त "गोधडी कुणी शिवली?" एवढंच लिहिलंय, पुढचं मला आज आठवत नाही, पण दुपारी मावशीला फोन करून दोन दिवस ये म्हणून सांगितलं होतं हे आठवतंय.

बाकी बारीकसारीक. पानं मोठी असतात, सात बाय बारा सेंटीमीटरच्या आसपास, आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, आडवी धरून हळूहळू सरकव. तुमच्याकडचा पाऊस बघता चकचकीत लॅमिनेशनचा घेऊ नकोस, एकमेकांना चिकटतात, मॅट घे, आणि डब्यात त्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाक. पहिला डेक स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी भेट द्यावा लागतो, असं तुला कुणीतरी सांगेलच, मी माझे चारही स्वतःच घेतलेत आणि अजून धडधाकट आहे. मंतरून, धूप दाखवून घ्यावा का, तर उदबत्तीचा वास तुला आवडतो, लाव की.

श्रावणात चार दिवस येतेय, तिकीट बघितलंय. तोवर आजीचा डबा कुणाकडे गेला ते मामाला विचारून ठेव, मला त्यातला मत्स्याचा राजा परत बघायचाय. बाबांना सांग मी आले की कॅरम, आणि स्ट्रायकर माझाच.

तुझीच,
वैजू

ता.क. पैसे दिले असशील तर सांगच. आपण दोघी मिळून फोन करू त्या बाईंना, या वेळी मी बोलेन.