रात्री दोनच्या गोळीवर रेघ मारणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

काकू कर्करोगानं गेल्या त्याला सोळा दिवस झाले. तेराव्याला तुम्ही येऊन गेलात, पण त्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. तुमचं नाव यात घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. तरीही पत्र उघडं लिहितोय, कारण बडोद्यात आज ज्या ज्या घरात असं अंथरूण घातलेलं आहे, त्या घरातल्यांनी ते वाचावं असं वाटतं. लिहिणाऱ्या आम्हा वाड्यातल्या माणसांत दोघीजणींची उमर वॉर्डात काम करण्यात गेली आहे, त्यामुळे तुम्ही काय काय केलंत हे आम्हाला कळत होतं.

आधी त्या लाल रेघेबद्दल.

मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध, त्याच्या साध्या गोळीचा गुण चार तास पुरतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तक्त्यावर सहा वेळा लिहिल्या होत्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा आणि रात्री दोन. दर वेळी दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी. त्यात चूक काहीच नव्हती. दुसऱ्या भेटीत तुम्ही तक्ता पाहिलात, काकूंशी बोललात, आणि मग वहिनींकडे वळून विचारलंत, "भाभी, रात्रे बे वाग्ये कोण ऊठे छे?" वहिनी म्हणाल्या, मीच उठते, गजर लावून. तुम्ही तिथंच खाली बसून डॉक्टरांना फोन लावलात, मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा क्रिएटिनीनचा रिपोर्ट मागून घेऊन वाचून दाखवलात, आणि लाल पेनानं रात्रीच्या दोनवर रेघ मारून दहाच्या रकान्यात अर्धीची पूर्ण गोळी केलीत.

झोपतानाचा डोस दुप्पट दिला की मधला डोस गाळता येतो. दुखणारं माणूस झोपतं आणि त्याला उठवणारंही झोपतं. मूत्रपिंड बरं असेल तरच हे करायचं, कारण मॉर्फिन शरीरात मोडल्यावर त्याचे जे अंश उरतात ते लघवीवाटे जातात. मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते साठतात, माणूस गुंगतो, हातपाय झटके देऊ लागतात. तो रिपोर्ट तुम्ही मागितलात तो यासाठीच. ही युक्ती नवी नाही, उपशामक सेवेच्या (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा) प्रशिक्षणात शिकवतात. पण तक्त्यावर ती आपोआप उतरत नाही, रात्रीचं कुणीतरी विचारावं लागतं. त्या रात्री वहिनी अकरा ते साडेपाच झोपल्या. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी त्यांनी चहा केला तो आम्हा सगळ्यांना वरून हाक मारून दिला. तो आवाज वाड्यानं बरेच दिवस ऐकला नव्हता.

तुमच्याआधी पाच आठवडे दुसरी एक घरपोच सेवा येत होती. महिन्याचं पॅकेज, छापील फाइल, सगळ्यांना एकसारखा गणवेश. ब्लडप्रेशर, शुगर, ऑक्सिजन रोज लिहिलं जायचं. किती दुखतंय, हे फाइलमध्ये एकदाही नाही. स्तनाचा कर्करोग मणक्यापर्यंत पोचलेल्या बाईच्या कागदावर वेदनेचा रकानाच नाही! मॉर्फिन त्यांनीही दिलं होतं, पण 'दुखल्यास' असं लिहून. चोवीस तास असणाऱ्या दुखण्याला 'दुखल्यास' म्हणजे कळ शिगेला पोचेपर्यंत थांबायचं, मग गोळी, मग ती लागेपर्यंत अर्धा-पाऊण तास कण्हायचं, आणि उतरली की पुन्हा तेच. रुग्ण गोळीची वाट पाहत राहतो, घरचे त्याला 'सवय लागली' म्हणतात. घड्याळाप्रमाणे दिलं तर ही वाट पाहणंच राहत नाही.

त्याहून वाईट म्हणजे मॉर्फिनबरोबर जुलाबाचं औषध लिहिलंच नव्हतं. सुरुवातीला मळमळ होते, ती पाच-सात दिवसांत ओसरते, तेवढ्यापुरती एक गोळी पुरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही; मॉर्फिन चालू आहे तोवर आतडं मंद राहणार. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रात्री बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखं आतडं हलवणारं औषध लागतं. काकूंना नऊ दिवस शौचाला झालं नव्हतं. कुणी विचारलं नाही. घरच्यांनी आपल्या समजुतीनं सत-इसबगोल दिलं, गुजरातेत ते घराघरात असतं. पण इसबगोल पाणी शोषून फुगतं. दिवसभरात तीन-चार कप पाणी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या मंद आतड्यात त्याचा गोळा होऊन बसतो. दहाव्या दिवशी पातळ गळायला लागलं. फोनवर सांगितलं तर जुलाब थांबवायची गोळी लिहून आली. मग उलट्या, मग बरळणं. शेवटी निदान काय, तर 'यांना मॉर्फिन सोसत नाही', आणि मॉर्फिन बंद.

तुम्ही आलात त्या दिवशी पंधरा मिनिटांत हातमोजा घालून बोटानं तपासलंत. घट्ट मळाचा खडा अडकला होता आणि त्याच्या कडेनं पातळ झिरपत होतं. जुलाब नव्हताच तो. ग्लिसरीनची बत्ती (गुदद्वारात सरकवायचं औषध), मग बिसाकोडिलची बत्ती, थांबून थोडं बोटानं मोकळं करणं, आणि हे सुरू करण्याआधी काकूंना काय करणार ते कानाशी सांगणं. तुम्ही खोलीतून पुरुषांना बाहेर पाठवलंत, पडदा ओढलात, साडीनं कमरेपर्यंत नीट झाकलंत. संध्याकाळी काकूंनी वरण-भाताचे चार घास खाल्ले. मॉर्फिन दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं आणि शेवटपर्यंत सोसलं.

म्हणून आता कुणी आम्हाला विचारलं की चांगली उपशामक सेवा कशी ओळखायची, तर आम्ही पहिला प्रश्न हाच सांगतो: पोट साफ होतं का, हे त्यांनी आपण न सांगता विचारलं का? दुसरा, मधेच कळ आली तर काय द्यायचं हे लिहून दिलंय का? तुम्ही दिलं होतंत. ठरलेल्या वेळांशिवाय जादा अर्धी गोळी, दिली की तक्त्यावर खूण, आणि दिवसात तीनपेक्षा जास्त खुणा झाल्या तर फोन, कारण मग रोजचाच डोस वाढवायला हवा. (हे आकडे काकूंचे आहेत, दुसऱ्याचे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे.) आणि तिसरं, पैसे भरण्याआधी एकदा रात्री साडेअकराला त्यांच्या नंबरवर फोन करून पाहावा. उचलणारा कोण आहे, त्याला औषधांची नावं कळतात का, की 'सकाळी डॉक्टरांना सांगतो' एवढंच येतं? गाडी, फाइल, गणवेश नंतर पाहता येतात.

मॉर्फिन मिळत नाही, कायदा आड येतो, असं आम्हाला दोनदा ऐकावं लागलं होतं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे अनेक वर्षं ते खरंही होतं. राज्याराज्याचे वेगळे परवाने लागत, आणि दवाखाने त्या कटकटीपेक्षा गोळी न ठेवणं पत्करत. 2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या वेगळ्या वर्गात आलं, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवता-देता येतं. तेव्हा मॉर्फिन नाही म्हणणाऱ्या सेवेला विचारावं की तुमच्याकडे ती मान्यता आहे का, नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी तुमचा संबंध आहे का. रतलाम-मंदसौरच्या शेतांत अफू पिकते, बडोद्याहून रतलामची गाडी चार-पाच तासांची. एवढ्या जवळ पिकणाऱ्या औषधावाचून कुणी रात्रभर तळमळावं, हे मनाला लागतं. तुम्ही गोळ्या मोजून देत होतात, रिकामी पाकिटं मोजून परत घेत होतात. यात अविश्वास कुणालाच वाटला नाही, उलट घरात त्या औषधाचा मान राहिला.

जखमेबद्दल लिहायलाच हवं. छातीवरची ती जखम उघडी झाली तेव्हा काकू माणसांना खोलीत येऊ देईनात, वासामुळे. आधीची मुलगी कोरडी पट्टी ओढून काढायची, रक्त यायचं, काकू दुपारपासूनच त्या वेळेला घाबरायच्या. तुम्ही सांगितलंत की ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी जादाची अर्धी गोळी द्या. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट लहान चमचा मीठ, त्या पाण्यानं पट्टी भिजवून दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, ती आपण होऊन सुटते. मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरवा, कारण वास ज्या जिवाणूंचा असतो ते हवेशिवाय वाढणारे असतात आणि हे औषध त्यांच्यावरच चालतं. खाटेखाली परातीत कोळसा. पाचव्या दिवशी वास जवळजवळ गेला. सहाव्या दिवशी काकूंनी स्वतःहून शेजारच्या मुलीला बोलावून वेणी घालून घेतली.

मास्क तुम्ही लावत होतात, पण तो दाराबाहेर लावून यायचात, काकूंच्या समोर नाही. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात कोण जाणे. चपला ओट्याखाली काढून, आधी काकूंना 'केम छो मासी' आणि मग बाकीच्यांना नमस्कार, हा क्रम एकदाही बदलला नाही. आजारी माणसाशी त्याच्या नातेवाइकांमार्फत बोलणारी माणसं इतकी पाहिली आहेत की सरळ त्याच्याशीच बोलणारं कुणी भेटलं की डोळे भरून येतात. सभ्यपणाला पैसा लागत नाही, वेळही फार लागत नाही. तरी तो इतका दुर्मिळ का, याचं उत्तर आमच्याकडे नाही. तुमच्याकडे पाहून एवढं कळलं की तो रोज, दमलेलं असतानाही, पाळता येतो.

शेवटचे दोन दिवस. गिळणं थांबलं तेव्हा घरच्यांचा जीव पाण्यासाठी तुटत होता. तुम्ही समजावलंत की शरीर बंद होत असताना तहान-भूक तशी राहत नाही, आणि चमच्यानं ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. मग प्रत्येकाच्या हाताला काम दिलंत: दर दोन तासांनी ओल्या कापसानं तोंड पुसायचं, ओठांना साजूक तूप लावायचं, कूस बदलायची. गोळीच्या जागी दंडाच्या कातडीखाली बटरफ्लाय सुई लावून इंजेक्शन, तेही गोळीच्या निम्म्याहून कमी मात्रेत, कारण तोंडावाटे घेतलेल्या मॉर्फिनपैकी बराच भाग यकृतातच खर्ची पडतो. घशात घरघर सुरू झाली तेव्हा कुणीतरी सक्शन मशीन आणायला निघालं होतं. तुम्ही थांबवलंत. काकूंना कुशीवर वळवलंत, डोकं जरा उंच केलंत, स्राव कमी करणारं इंजेक्शन दिलंत आणि सांगितलंत की हा आवाज ऐकणाऱ्याला जास्त त्रास देतो, त्यांना आत तो कळत नाही. आणि गंगाजल? त्यालाही तुम्ही नाही म्हणाला नाहीत. बोट बुडवून दोन थेंब ओठांवर, तुळशीचं पान जिभेवर न ठेवता ओठाशी टेकवून. सगळं रीतसर झालं आणि ठसकाही लागला नाही.

डॉक्टर पहाटे येऊन कागद देऊन गेले, त्यामुळे खासवाडीच्या स्मशानात कुणाला ताटकळावं लागलं नाही. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

एक निरोप. तुम्ही दिलेली एअरबेडची गादी साबणाच्या पाण्यानं, मग ब्लीचच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवली आहे, उन्हात घातली असती तर प्लास्टिक तडकलं असतं. पंप चालतो. एक नळी सैल होती, ती मांडवीतून नवी आणून बसवली. चादरी तीन आहेत, धुतलेल्या. वहिनी म्हणतात की तुमच्या यादीत पुढं ज्यांना लागेल त्यांच्याकडे आमच्यातलं कुणीतरी स्कूटरवरून पोचवेल आणि कशी भरायची, हात घालून हवा कशी तपासायची, ते दाखवूनही येईल. तुम्ही फक्त पत्ता कळवा.

आपली,
दांडिया बाजारच्या वाड्यातली माणसं
बडोदे