सांतियागोची परतीची वाट

महोदय,

स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथील संत याकोबाच्या समाधीकडे जाणारी मध्ययुगीन पायवाट विसाव्या शतकाच्या मध्यास जवळपास ओस पडली होती. ती पुन्हा नांदती झाली, त्यात ओ सेब्रेरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांचा वाटा मोठा, कारण १९८०च्या दशकात त्यांनी स्वतः हिंडून वाटेवर पिवळे बाण रंगवले. २०२४ मध्ये जवळजवळ ५ लाख यात्रेकरूंनी यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र घेतले. मात्र त्यासाठी शेवटचे १०० किलोमीटर पायी चालणे पुरते, म्हणून अनेकजण सारिया गावापासूनच निघतात आणि सामान गाडीने पुढे पाठवतात. पूर्वीचा यात्रेकरू घराच्या उंबऱ्यावरून निघे आणि तितकेच अंतर चालून परते. परतीची ती वाट आज क्वचितच कोणी चालतो, याची मला मनापासून खंत वाटते.

– एक वाचक, नाशिक